दोन खेळांचा मानकरी : फ्रँक बर्क

हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल हे आयर्लंडचे दोन राष्ट्रीय खेळ. मैदान एकच, गोलखांबही तेच. हर्लिंगमध्ये अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची काठी व लहान चेंडू असतो, तर गेलिक फुटबॉलमध्ये मोठा चेंडू हाताने व पायाने खेळवता येतो. चेंडू आडव्या दांडीखालून गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. वरून गेला तर सामान्यतः एक. या दोन्ही खेळांत अखिल आयर्लंड विजेतेपद मिळवणारे खेळाडू मोजकेच. फ्रँक बर्क हे त्यांतले आरंभीच्या काळातले एक ठळक नाव.

किल्डेर परगण्यात जन्मलेले बर्क डब्लिनला पॅट्रिक पिअर्स यांच्या सेंट एंडाज शाळेत शिकले. १९१६ च्या ईस्टर उठावात ते आपल्या गुरूंबरोबर उतरले. पिअर्स यांना मृत्युदंड झाला. बर्क यांच्या वाट्याला बंदिवास आला. सुटकेनंतर १९१७ मध्ये डब्लिनच्या संघातून त्यांनी हर्लिंगचे विजेतेपद पटकावले.

१८८४ मध्ये स्थापन झालेल्या गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनने देशी खेळांना राष्ट्रीय अस्मितेचे रूप दिले होते. त्यामुळे स्वातंत्र्ययुद्धाची झळ मैदानालाही लागली. २१ नोव्हेंबर १९२० रोजी सकाळी मायकेल कॉलिन्स यांच्या माणसांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश गुप्तहेरांना ठार केले. दुपारी क्रोक पार्कवर डब्लिन व टिपररी यांचा फुटबॉल सामना सुरू असताना ब्रिटिश दलांनी आत घुसून गोळीबार केला. चौदा जण मृत्युमुखी पडले. त्यांत तीन मुले होती. बर्क यांना रोखण्याची जबाबदारी असलेला टिपररीचा मायकेल होगन मैदानावरच कोसळला. बर्क बचावले.

युद्धाने स्पर्धांचे वेळापत्रकही विस्कटले. १९२० च्या हर्लिंग स्पर्धेचा अंतिम सामना १९२२ मध्ये झाला आणि डब्लिनने तो जिंकला. त्याखेरीज १९२१, १९२२ व १९२३ ची फुटबॉलची विजेतेपदेही डब्लिनकडेच गेली. अशा प्रकारे हर्लिंगची दोन व फुटबॉलची तीन पदके बर्क यांच्या नावावर जमा झाली.

या खेळांत खेळाडूला वेतन नसते. बर्क यांची उपजीविका शिक्षकाची होती. पिअर्स यांच्या त्याच शाळेचे मुख्याध्यापकपद त्यांनी ती १९३५ मध्ये बंद पडेपर्यंत सांभाळले. क्रोक पार्कमधील एका प्रेक्षागाराला आज होगनचे नाव आहे.