दाढेचा काठ

शिरगावच्या लईराईच्या जत्रेतून आणलेलं खाजं दाताखाली धरलं आणि 'कट्ट' असा आवाज आला. खाजं मोडताना होतो त्याहून वेगळा, कानाच्या आत कुठेतरी झालेला. तळहातावर काढून पाहिलं, तर गूळ-आल्याच्या चिकट गोळ्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक पांढरा टवका होता. खालच्या पहिल्या दाढेचा जिभेकडचा कोपरा उडाला होता. दुखलं काहीच नाही, पण जीभ दिवसभर तिथून हटेना.

टवका धुऊन मी काड्यापेटीत ठेवला. त्याची एक बाजू काचेसारखी झळझळीत, दुसरी मंद आणि किंचित पिवळसर. एवढ्याशा तुकड्याचं वय काय असेल? कायमची पहिली दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास उगवते, पण तिचं बांधकाम सुरू होतं जन्माच्या आसपास. मूल तीन वर्षांचं होईतो तिचा माथा हिरडीच्या आत तयार झालेला असतो. म्हणजे मी बोबडं बोलत होते, तेव्हा हा टवका घडत होता. एनॅमल घडवणाऱ्या पेशी रोज थोडा थर टाकत पुढे सरकतात आणि रोजच्या कामाची बारीक खूण मागे ठेवतात. झाडाच्या खोडात वर्षाचं वळं दिसतं, तशी इथे दिवसाची रेघ. त्यातली जन्माची रेघ तर निराळीच उठून दिसते. आईच्या पोटातून बाहेर येण्याचा धक्का शरीर असा दाढेत कोरून ठेवतं. आणि काम पुरं झालं, दात उगवला, की त्या पेशी उरतच नाहीत. मोडलेलं हाड सांधतं, कापलेली कातडी भरून येते. एनॅमल हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने ९६ टक्के खनिज, पण त्याचा कारागीर कायमचा निघून गेलेला असतो.

पेडण्यातल्या डॉक्टरबाईंनी आरसा आत घातला आणि म्हणाल्या, "खाज्याला बोल लावू नका, ताई. ही दाढ कितीतरी वर्षं मोडतच होती."

त्या दाढेत शाळेत असताना भरलेली चांदी होती, पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत. डॉक्टर समजावत होत्या आणि मला डिचोलीचा एक म्हातारा कुंभार आठवत होता. डिचोली मातीच्या भांड्यांसाठी जुन्या काळापासून प्रसिद्ध. त्याच्या अंगणात भांडी बघताना मी काठ फुटलेला एक बुडकुला उचलला होता. "तो घेऊं नाका," तो म्हणाला होता. "कांठ गेलो म्हटल्यार बुडकुलो गेलो." काठ हे मडक्याचं कडं. ते अखंड आहे तोवर पातळ भिंतीही एकमेकींना धरून राहतात. एकदा तुटलं की भिंती सुट्या पडतात आणि जराशा धक्क्याने तडा खाली उतरत जातो.

दाढेचंही अगदी तसंच. तिच्या माथ्यावर चार-पाच उंचवटे, मधे पन्हळ, आणि पुढे-मागे त्या उंचवट्यांना बांधून ठेवणारे दोन आडवे बांध. हा तिचा काठ. कीड पुष्कळदा लागते ती नेमकी त्या बांधाखाली, दोन दात एकमेकांना टेकतात तिथे, कारण ब्रश तिथे पोचत नाही. गोड खाल्लं की जिवाणू त्याचं आम्ल करतात. त्या जागेचा पीएच ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं. लाळ कॅल्शियम परत आणून देत राहते, पण आपण दिवसभर चघळत राहिलो तर तिला सवडच मिळत नाही. मग कीड काढायची म्हणजे बांध कापणं आलं. काढलेल्या उपदाढांवर १९८९ साली एक मोजणी झाली. रूट कॅनालसाठी उपदाढेला नुसतं वरून भोक पाडलं, तर तिचा ताठपणा ५ टक्क्यांनीच घटला. दोन्हीकडचे बांध कापून भरण्याची जागा केली, तेव्हा तो ६३ टक्क्यांनी घटला. हा आकडा वाचून मी थांबलेच. नस काढलेला दात ठिसूळ होतो असं आपण ऐकत आलो आहोत, पण दाढ जास्त दुबळी होते ती काठ गेल्यामुळे.

त्यातून दाढांवर पडणारा दाब पन्नास-साठ किलोचा असू शकतो. चांदी दाताला चिकटत नाही, खोबणीत अडकून बसते. प्रत्येक घासाला ती पाचरीसारखी भिंती बाहेर लोटते आणि भिंती केसभर वाकून परत येतात. असं वर्षानुवर्षं चालतं, आणि एक दिवस जत्रेचं खाजं निमित्त होतं.

आता करायचं काय? नुसतं सिमेंट भरलं, तर उरलेल्या भिंती तशाच दुबळ्या. कॅप बसवायची, तर दाढ चहूबाजूंनी तासून खुंटीएवढी करावी लागते. डोळ्यांना दिसणाऱ्या दाढेचा निम्म्याहून कितीतरी जास्त भाग त्यात जातो आणि त्यातला बराचसा धडधाकट असतो. या दोन्हींच्या मधला उपाय म्हणजे ऑनले. मोडके आणि पातळ झालेले उंचवटे तेवढे दीड-दोन मिलिमीटर खाली घ्यायचे, त्यांच्या जागी बाहेर घडवलेला तुकडा बसवायचा, आणि जी भिंत चांगली आहे तिला हातही लावायचा नाही. पावसाच्या तोंडावर आपण घर शाकारतो तेव्हा फुटलेली कौलंच बदलतो, वासे उपटत नाही. हाच तुकडा उंचवट्यांच्या मधल्या खळग्यापुरता असला तर त्याला इनले म्हणतात. उंचवटा झाकला की ऑनले.

कल्पना जुनी आहे. १९०७ साली विल्यम टॅगर्ट या अमेरिकन दंतवैद्याने सोन्याचे असे तुकडे ओतून दाखवले. रीत मूर्तिकारांची: आधी मेणाचा आकार करायचा, त्याभोवती साचा बांधायचा, तापवून मेण घालवायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. चोळांच्या काळातले कांस्याचे नटराज असेच घडले. चिनीमाती दातांकडे त्याच्याही आधी वळली होती. १७८८ च्या सुमाराला पॅरिसमध्ये निकोला द्युब्वा द शेमाँ चिनीमातीच्या दातांचे गुण सांगणारी पुस्तिका छापत होता. पण अडचणी दोन होत्या. चिनीमाती कडक असली तरी ठिसूळ, आणि ती दाताला चिकटणार कशी?

चिकटण्याचं उत्तर १९५५ साली मायकेल ब्युनोकोर यांनी दिलं. पत्र्यावर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत आधी फॉस्फरिक आम्ल वापरतात, हे त्यांना ठाऊक होतं. तेच आम्ल त्यांनी दातावर लावलं, अर्धा मिनिट. एनॅमलचा गुळगुळीत पृष्ठभाग जांभ्या दगडासारखा बारीक छिद्रांचा झाला, आणि त्यात शिरून घट्ट झालेलं प्लास्टिक निघेना. मला याचं फार नवल वाटतं. ज्या आम्लाने कीड दात पोखरते, त्याच्याच भाऊबंदाने, अर्ध्या मिनिटाच्या मापाने, दात जोडला जातो.

माझ्या दाढेत डॉक्टरांनी पेनाएवढा कॅमेरा फिरवला. पडद्यावर दाढ उमटली, एखाद्या डोंगराळ मुलखासारखी, आणि त्यात कडा कोसळलेला एक डोंगर. पूर्वी यासाठी तोंडात लगदा भरून माप घ्यावं लागे. कॅमेऱ्याने माप घेऊन यंत्राने तुकडा कोरायचा, हा प्रयोग झुरिकमध्ये वर्नर मोरमान आणि मार्को ब्रँडेस्टिनी यांनी केला आणि १९८५ साली पहिल्या रुग्णाच्या दातात तो बसवला. माझं चित्र पणजीच्या लॅबला गेलं.

आठवड्याने बोलावलं, तेव्हा डॉक्टरांनी आधी तळहातावर एक निळसर जांभळा दगड ठेवला. गोटीएवढा, चौकोनी, एका बाजूने कोरलेला. माझी दाढ यातूनच कातली होती, हा उरलेला बुडखा. "निळी दाढ?" मी विचारलं. त्यांनी डबी उघडली. आतला तुकडा थेट दाताच्या रंगाचा, माझ्या शेजारच्या दाढेइतकाच पिवळट पांढरा.

हा पदार्थ लिथियम डायसिलिकेट नावाची काच. निळ्या अवस्थेत ती मवाळ असते, म्हणून पाण्याच्या फवाऱ्याखाली हिऱ्याच्या कणांच्या हत्याराने कोरता येते. मग भट्टीत सुमारे ८४० अंशांवर काही मिनिटं ठेवली की आत स्फटिक वाढू लागतात, सुया-चपट्यांसारखे, एकमेकांत आडवेतिडवे गुंतलेले. थंड होईतो काचेचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग स्फटिकांनी भरतो. रंग बदलतो आणि बळ कितीतरी वाढतं. तडा निघाला तर त्याला सरळ वाट मिळत नाही, दर स्फटिकापाशी वळावं लागतं आणि वळता वळता तो थकतो. खरं एनॅमलही असंच विणलेलं आहे. त्याचे सूक्ष्म दांडे साधारण ५ मायक्रॉन जाडीचे, आतल्या थरात एकमेकांना छेदून जाणारे. भट्टीतली काही मिनिटं आणि बाळपणाची तीन वर्षं, दोघांनी तडा अडवायची युक्ती एकच काढली!

बसवणं हे सावकाशीचं काम. दाढेभोवती रबराचा पडदा, कारण लाळेचा थेंबही चालत नाही. तुकड्याची आतली बाजू आधीच दुसऱ्या, जास्त जहाल आम्लाने खरखरीत केलेली. दाढेवर फॉस्फरिक आम्ल, धुणं, वाळवणं, एक पातळ लेप, मग सिमेंट, मग निळा प्रकाश. आता दाढ आणि तुकडा वेगळे मोजायचे नाहीत. उरलेल्या भिंती त्याने पुन्हा बांधल्या.

"चावा बघू." दातांत रंगीत कागद. मला काहीतरी उंच लागत होतं, अगदी जरासं. डॉक्टरांना नवल वाटलं नाही. दातांची मुळं ज्या धाग्यांनी हाडाला टांगलेली असतात, तिथल्या नसांना २० मायक्रॉनचा फरकही कळतो. केसाची जाडी त्याच्या तिपटीहून जास्त. त्यांनी निळा ठिपका उमटलेली जागा घासली, परत कागद, परत घासणं. चौथ्या खेपेला जीभ तिथे गेली आणि काही न सापडून परत आली.

प्रत्येक दाढेला हे जमेल असं नाही. कीड नसेपर्यंत पोचली असेल तर आधी रूट कॅनाल. मोड हिरडीच्या खूप खाली उतरली असेल, किंवा चिकटवायला एनॅमलच उरलं नसेल, तर कॅपच बरी. झोपेत दात खाणाऱ्याने रात्री तोंडात संरक्षक पट्टी घालायला हवी. पण योग्य दाढेत नीट बसवलेले चिनीमातीचे असे तुकडे दहा वर्षांनंतरही दहापैकी नऊ जागेवर असतात, असं अनेक अभ्यास एकत्र पाहिल्यावर दिसतं. म्हणून दाढेचा टवका उडाला आणि दुखत नसलं, तरी बसून राहू नये. खर्च झेपत नसेल तर बांबोळीला सरकारी दंत महाविद्यालय आहे, तिथे जाऊन निदान दाखवून तरी यावं.

निळा बुडखा मी मागून घेतला आणि पुढच्या रविवारी डिचोलीला गेले. म्हातारा अंगणातच होता. पाऊस आठ-दहा दिवसांवर आलेला, शेवटचा आवा रचायचं काम चाललं होतं. मी बुडखा त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो नखाने टिचकी मारून कानाशी धरला. मडक्यात तडा आहे का, हे तो असंच ऐकतो. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी आरशाच्या दांड्याने माझ्या दाढेवर असंच ठोकलं होतं.

"माती खंयची?" त्याने विचारलं.

"माती न्हय, रेंव," मी म्हटलं. "वाळूची काच. भट्टीत घातली की पांढरी होते."

आपल्याकडची माती भाजली की लाल होते, तिच्यातल्या लोखंडामुळे. ज्या लोखंडाने डिचोलीच्या खाणी चालल्या, त्यानेच त्याची मडकी रंगतात. पांढरं होणारं काही त्याच्या भट्टीतून कधी निघालं नव्हतं.

"कितली आग?"

"आठशे चाळीस."

तो हसला. तेवढी आग त्याच्याकडेही होते, मोजत नाही इतकंच. एक छोटा बुडकुला त्याने उचलला, काठावरून बोट फिरवून पाहिलं, बुडखा आत ठेवला, वर झाकणी घातली आणि तो आव्याच्या मधोमध, जिथे आग सगळ्यांत जास्त धरते, तिथे नेऊन बसवला.