उडी न मारताही चढणारी नाडी

मिरवणुकीत नाशिक ढोल वाजवणाऱ्यांचे पाय पाहा. कमरेला ढोल असल्याने उड्या फारशा नसतात, एक पाय बहुतेक वेळ जमिनीवरच असतो. तरी वादक घामाघूम होतात. एरोबिक्सच्या हिशोबात हे लो इम्पॅक्ट. सोसायटीच्या हॉलमध्ये चालणाऱ्या झुंबा-एरोबिक्सच्या क्लासमध्ये मात्र लो इम्पॅक्ट म्हणजे हलका व्यायाम, असे सर्रास समजले जाते. नाडी मोजली की हा समज टिकत नाही.

दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटले, तर तो हाय इम्पॅक्ट प्रकार: जॉगिंग, जम्पिंग जॅक. एक पाय टेकलेलाच राहिला, तर लो इम्पॅक्ट: मार्चिंग, साइड-स्टेप, लेझीमचे बरेच प्रकार. उडीनंतर उतरताना पायांवर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येऊ शकतो. लो इम्पॅक्टमध्ये तो बराच कमी असतो. पण ही विभागणी गुडघे, घोटे आणि नडग्यांच्या सोयीची आहे. हृदय पाहते ते वेगळेच.

नाच सुरू होताच हृदयाला आवरून धरणारी व्हेगस नस ढिली पडते आणि काही सेकंदांत नाडी वाढते. मिनिटाला साधारण १०० ठोक्यांच्या पुढे सिंपथेटिक नसा आणि अ‍ॅड्रेनलिनचा जोर लागतो. एकाच ठेक्यावर नाचत राहिले, तर तीन-चार मिनिटांत नाडी बरीचशी स्थिरावते. कुठे स्थिरावणार, हे स्नायूंना किती ऑक्सिजन हवा यावर ठरते. उडीत अख्खे शरीर वर उचलावे लागते, म्हणून त्याच गाण्यावर हाय इम्पॅक्टमध्ये नाडी सहसा जास्त असते. पण गुडघ्यांत खोल वाकले, पावले लांब टाकली, हात खांद्यांच्या वर नेले, की लो इम्पॅक्टही तिथवर पोचतो.

हातांची एक गोम आहे. ते डोक्यावर चालत राहिले, की ऑक्सिजनचा वापर वाढतो त्या मानाने नाडी जास्त चढते. त्यामुळे पळताना १४० ठोके आणि नाचताना १४० ठोके म्हणजे सारखे श्रम नव्हेत. नाचताना ऑक्सिजन सहसा कमी खर्च होतो. घड्याळाने नाडीवरून काढलेल्या कॅलरी म्हणूनच फुगलेल्या असू शकतात. नाशिकच्या मे महिन्यातल्या उन्हाळ्यात आणखी भर पडते: अंग थंड ठेवायला रक्त त्वचेकडे वळते आणि त्याच स्टेप्सना ठोके जास्त लागतात.

मोजायचे कसे? थांबल्या थांबल्या अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटे ठेवून १५ सेकंद ठोके मोजा आणि चारने गुणा. उशीर केला तर आकडा खाली येतो. २२० मधून वय वजा केले की कमाल नाडीचा अंदाज मिळतो. व्यक्तीगणिक त्यात १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. चाळिसाव्या वर्षी हा अंदाज १८०. त्याच्या ६४ ते ७६ टक्के, म्हणजे ११५ ते १३७, हा मध्यम व्यायाम, त्यापुढे जोरकस.

बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांची नाडी दबलेली राहते, त्यांनी या आकड्यांवर विसंबू नये. बोलता येते पण गाता येत नाही, ही मध्यम व्यायामाची खूण त्यांना जास्त उपयोगी. गुडघे कुरकुरत असतील तर लो इम्पॅक्ट जरूर निवडा. हृदयविकार असेल तर मात्र तोही डॉक्टरांना विचारूनच. आणि गाणे संपले म्हणून एकदम थांबू नका. रक्त पायांत साचून चक्कर येऊ शकते; पाच मिनिटे सावकाश चाला.