कोळी बोली आणि प्रमाण मराठी लेखन

कोळी बोली ही मुंबई व उत्तर कोकणाच्या किनाऱ्यावरील कोळी समाजात बोलली जाणारी मराठीची बोली आहे. मुंबईच्या मूळ सात बेटांपैकी एक असलेल्या वरळीच्या टोकाशी वसलेला वरळी कोळीवाडा हे या समाजाच्या जुन्या वस्त्यांपैकी एक होय. घरी ही बोली बोलणाऱ्या विद्यार्थ्यास मराठी शाळेत प्रमाण भाषेत वाचन व लेखन करावे लागते. त्याच्या लेखनातील अनेक चुका निष्काळजीपणाच्या नसून उच्चारभेदातून उद्भवलेल्या व नियमबद्ध असतात.

उच्चारभेद

जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) कोळी बोलीची नोंद आहे. या बोलीत सामान्यतः ‘ण’च्या जागी ‘न’, ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि दोन स्वरांमधील ‘ड’च्या जागी ‘र’ उच्चारला जातो. पाणी–पानी, डोळा–डोला, होडी–होरी ही त्याची उदाहरणे होत. ‘कोळीवाडा’ या शब्दाचाही उच्चार ‘कोलीवारा’ असा होतो.

लेखनावरील परिणाम

देवनागरीत शब्द बहुतांशी उच्चाराप्रमाणे लिहिला जातो. म्हणून विद्यार्थी बोलतो तसेच लिहितो. प्रमाण भाषेत मात्र वेल–वेळ, मन–मण, वारा–वाडा या जोड्यांत एका वर्णाने अर्थ पालटतो. वारंवार दुरुस्ती होत गेल्यास विद्यार्थी उलट चूकही करू शकतो. उदाहरणार्थ, ‘वेल’ऐवजी ‘वेळ’ लिहितो.

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम (१९६२, १९७२ मध्ये चार नियमांची भर) मुख्यत्वे अनुस्वार व ऱ्हस्व-दीर्घ यांविषयी आहेत. शब्दात ‘ल’ आहे की ‘ळ’, हे लिहिणाऱ्यास ठाऊक असल्याचे ते गृहीत धरतात. त्यामुळे केवळ नियम पाठ करून ही अडचण दूर होत नाही.

अध्यापन

अशा वेळी तुलनेची पद्धत उपयुक्त ठरते. विद्यार्थ्याच्या परिचयाच्या शब्दांची बोलीरूपे व प्रमाणरूपे शेजारी शेजारी लिहून त्यांतील भेद त्यालाच शोधू द्यावा लागतो. प्रकट वाचनाने प्रमाण उच्चार कानावर पडतो, नियमित वाचनाने शब्दाचे रूप डोळ्यांत ठसते आणि श्रुतलेखन व शब्दकोशाच्या वापराने ते पक्के होते.

घरची भाषा ‘अशुद्ध’ ठरवल्यास मूल वर्गात बोलणेच टाळू लागते आणि त्याचे लेखनही खुंटते. म्हणून प्रसंगानुरूप भाषा निवडण्याचा सराव महत्त्वाचा ठरतो: पात्राच्या तोंडी ‘म्हावरा’ शोभतो, तर निबंधात ‘मासळी’ लिहिली जाते.