गळाला न लागलेले मासे



कारखान्याचा पट्टा पडला, की आम्हा शेती खात्याच्या माणसांना संध्याकाळ म्हणजे काय ते कळते. एरवी तोडणी, गाड्या आणि तक्रारी यांतच दिवस मावळतो. या उन्हाळ्यात अशाच एका संध्याकाळी आम्ही नीरा डाव्या कालव्यावर एका जुन्या सभासदांबरोबर गळ टाकून बसलो होतो. गाव त्यांना आबा म्हणते, आम्हीही आबाच म्हणतो.

आबांचे सामान साधे. कळकाची काठी, नायलॉनचा दोरा, वजनाला जुना नट आणि तरंगायला ज्वारीच्या चिपाडाचा तुकडा. आमिषाला खताच्या खड्ड्यातली गांडुळे आणि कणकेची गोळी. आवर्तन बंद होऊन दोन दिवस झाले होते. वरून नुसती धार येत होती, पण पुलाखालच्या डबऱ्यात कमरेइतके पाणी साचले होते. आबा म्हणाले, "सायेब, भरल्या पाटात मासा पळतो. पाणी तुटलं की एका जागी गोळा हुतो. मरळीला काळजी न्हाई, ती तोंड वर काढून वारा घेती. बाकीच्यांचं हाल."

बोलणे खरे आहे. मरळ हवेतून श्वास घेऊ शकते, म्हणून ती चिखलातही तग धरते. आमच्या मनात चिलापी होती. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, आपल्या देशात १९५२ साली आला आणि आज तळी-धरणे भरून राहिला आहे. याची मादी अंडी तोंडात उबवते आणि पिले झाल्यावरही धोका दिसला की त्यांना तोंडात घेते.

अर्धा तास गेला. चिपाड हलेना. मग पाण्यावर बोटभर मासळी पांढरे पोट वर करून दिसू लागली. आधी चार-पाच, मग ओंजळभर. पाठोपाठ तळहाताएवढी चिलापी वर आली, कल्ले उघडझाप करीत.

आबा पटकन म्हणाले, "कारखान्यानं मळी सोडली जणू!"

आम्हाला ते लागले. मळीवरून सभासदांचा राग काही वेळा रास्त असतो, हे आम्ही नाकारीत नाही. पण आपला कारखाना तिथून खाली, आणि पाणी काही उलटे चढत नाही. आम्ही दोघे काठाने वर चालत गेलो. दोन शेते ओलांडली, तर आबांच्या भावकीतला एक तरुण सभासद त्या धारेत फवारणीचा पंप धूत होता. बाटलीही तिथेच विसळून झाली होती. बाटलीवर पिवळा त्रिकोण होता. सुरू उसावर खोडकिडा दिसला म्हणून त्याने औषध मारले होते.

आम्ही आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "सायेब, औषधाची चिठ्ठी तुमीच दिली हुती. पंप कुठं धुवायचा ते कुठं सांगितलं?"

यावर आम्हाला उत्तर नव्हते. आम्ही प्रमाण सांगितले होते, पाणी किती ते सांगितले होते. उरल्या पाण्याचे काय करायचे, हे आजवर कुणालाच सांगितले नव्हते.

भरल्या कालव्यात एका पंपाचे धुणे कदाचित कुणाला कळलेही नसते. साचल्या पाण्यात ते लगेच कळले. परत आलो तेव्हा आबांनी ती मेलेली चिलापी उचलून तिचे तोंड उघडले. आत पिले होती. धोका ओळखून आईने त्यांना घेतले होते, पण विष पाण्यातच होते. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी दोरा गुंडाळला आणि पलीकडे पाण्यावर उतरणाऱ्या म्हशी हाकलायला धावले.

बंधूंनो, याच कालव्यावर जनावरे पितात, गावांचे पाणीसाठवण तलाव भरतात. म्हणून त्या दिवशी राहिलेले आज सांगतो :

पंप पाटात, ओढ्यात किंवा विहिरीवर धुऊ नका. रानातच धुवा आणि ते पाणी फवारलेल्याच पिकावर मारा.

बाटली रिकामी झाली की तीन वेळा विसळा आणि ते पाणी फवारणी चालू असतानाच पंपात ओता. मग बाटलीला भोके पाडा. तिच्यात तेल-पाणी भरू नका.

बाटलीवरचा त्रिकोण पाहा. लाल सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, निळा आणि हिरवा. हा हिशेब माणसा-जनावरांचा आहे. माशांना फार थोडे विषही पुरते.

मुळात खोडकिड्याला औषध हा पहिला उपाय नव्हे. वेळेवर हलकी बाळबांधणी करा, पोंगे मेलेली रोपे काढून टाका आणि ट्रायकोकार्डे लावा. एका कार्डावर सुमारे २० हजार अंडी असतात. त्यांतून निघणारी बारीक गांधीलमाशी किड्याच्या अंड्यांत आपली अंडी घालून ती नष्ट करते. कार्डे लावल्यावर औषध मारू नका, नाहीतर तीच मरेल. कार्डे केव्हा आणि किती लावायची ते गट ऑफिसात विचारा.

त्या तरुणाने दुसऱ्या दिवशी रानाच्या कोपऱ्यात पंप धुवायला एक पिंप ठेवले. आम्हीही आता चिठ्ठीच्या पाठीमागे चार ओळी जास्त लिहितो. आबांची काठी मात्र अजून आढ्यालाच आहे. पुढचे आवर्तन सुटले की परत जाऊ, असे ठरले आहे.