परतीच्या वाटेवरील झरी

प्रवासास निघताना माणसास पोहोचण्याची घाई असते; परतताना मात्र मोटारीतील प्रत्येकास कोठे ना कोठे उतरावयाचे असते. यंदा वैशाखात गुजराथेतून सहकुटुंब परतताना आम्हांस हाच अनुभव आला. संजाणच्या पारशी स्तंभापाशी चिरंजीवांनी छायाचित्रे घेतली. पुढे मुलांनी ताडगोळ्यांसाठी गाडी थांबवावयास लाविली. तेथे घासाघीस करून आम्ही दहा रुपये वाचविले. सूनबाईंस घोलवडचे चिकू हवे होते आणि आमच्या कुटुंबास विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचे दर्शन.

आमचे मागणे एकच होते : तलासरी तालुक्यातील झरी गावी घटकाभर थांबावे.

“अण्णा, तेथे पाहण्याजोगे काय आहे?” चिरंजीवांनी विचारले.

रस्ता, शेते, ताडाची झाडे. आम्हांस दिसले ते एवढेच. परंतु २३ मे १९४५ रोजी याच झरीत सुमारे ५,००० वारली जमले होते. त्यांच्यात काम करणाऱ्या गोदावरी परुळेकर या पुण्याच्या गोखले घराण्यातील, वकिलीची पदवी घेतलेल्या. जमीनदाराकडे फुकट राबावयाचे नाही, रोज बारा आणे रोख मजुरी घ्यावयाची, असा निश्चय तेथे झाला. लग्नाच्या कर्जापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे सावकाराकडे राबावे, ही ‘लग्नगड्या’ची रीतही पुढे या चळवळीने मोडली. त्याची किंमत पडली : त्याच ऑक्टोबरात तलवाड्यास पोलिसांच्या गोळीबारात पाच वारली मृत्यू पावले.

“आजोबा, वेठ म्हणजे काय?” नातीने विचारले.

आम्ही सवयीने उत्तरलो, “मूळ संस्कृत शब्द विष्टि. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही तो आढळतो.”

“पण काम केल्यावर पैसे का देत नसत?”

इतकी वर्षे आम्ही वर्गात या शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. हा प्रश्न मात्र ना आम्ही विद्यार्थ्यांस विचारला, ना स्वतःस. आम्ही निरुत्तर झालो.

पुढे महालक्ष्मीचे दर्शन झाले. चैत्री यात्रेत तेथील डोंगरावर ध्वज चढविण्याचा मान आदिवासी पुजाऱ्याचा असतो, हे नातीस सांगितले. चारोटीच्या अलीकडे एक बाई चिकूंची पाटी घेऊन बसली होती. कुटुंबाने सवयीप्रमाणे आमच्याकडे पाहिले. आम्ही भाव विचारला आणि तिने सांगितले तेवढे पैसे तिच्या हाती ठेविले.

चिकू गोड निघाले. ताडगोळ्यांवर वाचविलेले दहा रुपये मात्र अजून मनास टोचतात.