अप्सरेचे निळे तेज

अणुशक्तीवरील अनुबोधपटांवर लिहा, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा माझी पावले मुंबईऐवजी निपाणीकडे वळली. कारण तंबाखूच्या वखारीच्या भिंतीवर ताणलेल्या पडद्यावर, सरकारी प्रचारमोटारीतील सोळा मिलिमीटरच्या यंत्रातून, मी तुर्भ्याची अणुभट्टी प्रथम पाहिली ती येथेच, आणि ते यंत्र चालविणारे गृहस्थ, आता ऐंशी उलटलेले, अद्याप येथेच राहतात.

दप्तरी इतिहास थोडका आहे. फिल्म्स डिव्हिजन आणि अणुशक्ती आयोग ही दोन्ही १९४८ सालची. तुर्भ्याची ती अणुभट्टी, ‘अप्सरा’, ४ ऑगस्ट १९५६ रोजी कार्यान्वित झाली, तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबरला तो म्हैसूर राज्यात गेला. एकाच चित्रावर अनेक भाषांतील निवेदने चढविली जात, मराठीही आणि कन्नडही. आमच्या वाट्याला कोणती आली, हे दिवे मालवल्यावरच कळे.

“चित्र थांबत थांबत जातंय, आवाजाला थांबून चालत न्हाई,” म्हातारबुवा सांगू लागले. यंत्रातील पकड सेकंदाला २४ वेळा फीत खाली ओढते आणि प्रत्येक चौकट क्षणभर स्थिर धरते. ध्वनी मात्र अखंड सरकणाऱ्या फितीवरूनच उमटतो, म्हणून तो आपल्या चित्राच्या २६ चौकटी पुढे छापलेला असतो, आणि या दोन गतींचा मेळ राहावा यासाठी मध्ये फितीचा सैल झोल सोडावा लागतो. झोल सुटला की चित्र थरथरते, शब्द भरकटतात. तो झोल ते डोळ्यांनी नव्हे, फितीच्या खडखडाटावरून ओळखीत. मराठी प्रत एकदा हाती आली, तेव्हा तिचे निवेदन त्यांनी पाठ करून ठेवले. पुढे कन्नड प्रत आली की आवाज बारीक करून, पण कानडी मंडळींसाठी पुरता बंद न करता, ते स्वतः मराठीत बोलत. पाण्यातील प्रकाशाहून वेगाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे अणुभट्टीच्या कुंडात निळे तेज उमटते, त्यावरूनच पंडित नेहरूंनी तिला अप्सरा म्हटले, हे मी शाळेत नव्हे, त्यांच्या तोंडून शिकलो.

शास्त्रज्ञांच्या कागदपत्रांची चिंता नाही. १९७० पासून व्हिएन्नाची आंतरराष्ट्रीय अणुमाहिती व्यवस्था त्यांची नोंद ठेवीत आली आहे. गावोगाव फिरून झिजलेल्या प्रतींची तशी तजवीज कोणी केली? एका कपाटात राहून गेलेला डबा त्यांनी माझ्यापुढे उघडला, तोच शिरक्याचा आंबट दर्प आला. ॲसिटेटची फीत कुजू लागली की असाच वास येतो. ती आकसते, कडेची छिद्रे पकडीत बसेनाशी होतात, आणि हट्टाने चालविली तर तुटते. म्हणून आम्ही ती यंत्रावर चढविलीच नाही.

खिडकीच्या उजेडात मी एक चौकट धरली. रंगीत फितीतील निळसर रंगद्रव्य आधी उडते. कुंड, पाणी, कठडा, सारे गुलाबी झाले होते. म्हातारबुवांनी थरथरते बोट मधोमध टेकविले.

“हितं निळं हाय,” ते म्हणाले, आणि पुढचे निवेदन म्हणू लागले.