मायाळू मुख्याध्यापक म्हणजे ढिला मुख्याध्यापक?

‘हेडसर मऊ असले की पोरं डोक्यावर बसतात,’ असं शिक्षक-खोलीत सर्रास बोललं जातं. या समजापायी कितीतरी भले शिक्षक मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसताच आवाज चढवू लागतात.

माया वेगळी, ढिलाई वेगळी. उशिरा आलेल्या मुलाला मायाळू मुख्याध्यापकही नियम सांगतोच. पण आधी उशीर का झाला ते विचारतो आणि सगळ्यांदेखत पाणउतारा करत नाही. शिवाय हा आता मर्जीचा प्रश्न राहिलेला नाही. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी घातली आहे. ‘हात तर लावला नाही ना’ ही सबब पुरेशी नाही.

‘पोर्शन संपवायचा की भावना कुरवाळत बसायचं?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. अमेरिकेतील जोसेफ डर्लाक आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये भावना ओळखायला आणि सावरायला शिकवणाऱ्या 213 शालेय उपक्रमांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. त्यात 2 लाख 70 हजारांहून अधिक विद्यार्थी होते. या उपक्रमांतली मुलं अभ्यासातही सरासरी 11 पर्सेंटाइलनं पुढे गेली.

हे सारं परदेशी फॅड आहे, असं म्हणणाऱ्यांनी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं काम आठवावं. 1945 पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला त्यांनी आदिवासी मुलांसाठी शाळा चालवली. मुलं शाळेत येईनात. त्यांना किंवा आईबापांना आळशी ठरवणं सोपं होतं. त्याऐवजी ती का येत नाहीत हे या दोघींनी पाहिलं आणि बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. माझ्या मते शालेय नेतृत्वाचा याहून मोठा धडा आपल्याकडे नाही: मूल व्यवस्थेत बसत नसेल तर आधी व्यवस्था बदलून पाहायची.

‘मायाळूपणा हा स्वभावाचा भाग आहे, शिकून येत नाही,’ हेही खरं नाही. शिक्षकाची चूक दार लावून सांगणं, चार दिवस गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी चौकशी करणं, रागाच्या भरात निर्णय न देणं, ही सगळी सवयीनं जमणारी कामं आहेत. मुख्याध्यापकाकडून शिक्षकांना रोज अपमान गिळावा लागला, तर तो वर्गात मुलांवरच निघतो.

हे बदलणं पालकांच्याही हाती आहे. सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य मुलांचे आई-वडील किंवा पालक असतात. पालकांनो, पुढच्या बैठकीत निकालाबरोबर हेही विचारा: आमची मुलं इथे कुणाला घाबरतात?